सुंता आरोग्यासाठीच सुरू झाली का?

जीवशास्त्रात पीएच.डी. करतोय म्हटलं की लोक काही प्रश्न बाजूला घेऊन, हळूच विचारतात. त्यातला हा एक : "सुंतेमागे शास्त्रीय कारण असणारच ना?" उत्तराची सुरुवात आपण माझ्या गावापासून, पनवेलपासून करू.

पनवेलला १८४९ साली बांधलेलं 'बेथ एल' हे सिनेगॉग आहे. ते बेने इस्राएलांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या, गावाच्या नावापुढे 'कर' लावणाऱ्या कोकणी ज्यूंचं. धंदा तेल गाळण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची परंपरा सांगते की पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात जोडपी वाचली आणि ग्रंथ समुद्रात गेले. मुंबईत सॅम्युएल दिवेकरांनी समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं ते १७९६ साली. त्याआधी कित्येक पिढ्या हाताशी ना ग्रंथ, ना रब्बी. तरी चार गोष्टी टिकल्या : शनिवारचा विसावा, 'शेमा' ही प्रार्थना, खवले-पर असलेलेच मासे खाणं, आणि आठव्या दिवशी मुलाची सुंता.

सुंता म्हणजे शिश्नाच्या टोकावरची सैल त्वचा काढणं. ज्यू धर्मात ती देवाने अब्राहामाशी केलेल्या कराराची खूण आहे. त्यात आरोग्याचा विषयच नाही. ग्रंथ बुडाला तरी ही खूण अंगावर राहिली, आणि आपण कोण हे तिने लक्षात ठेवलं.

मग वैद्यकीय फायद्यांचं काय? ते आहेत, पण ते कळले फार उशिरा. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांचे निकाल २००५ ते २००७ दरम्यान आले. स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या एचआयव्ही संसर्गाचा धोका सुंतेमुळे सुमारे ६० टक्क्यांनी कमी झालेला दिसला. पूर्ण संरक्षण नाही, त्यामुळे कंडोम हवाच. लैंगिक सुख कमी होतं का? या चाचण्यांत तसं आढळलं नाही. तान्ह्या बाळाला दुखत नाही, हा मात्र गैरसमज. त्यालाही दुखतं, म्हणून आज जागा बधिर करतात. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग हे धोकेही आहेतच.

रक्तस्रावावरून एक जुनी नोंद सांगतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या तालमूद ग्रंथात चार बहिणींची गोष्ट आहे. तिघींची मुलं सुंतेनंतर दगावली. चौथी रब्बींकडे गेली, तेव्हा तिला सांगण्यात आलं, तुझ्या मुलाची करू नकोस. आज वाचताना हा हिमोफिलिया असावा असं वाटतं. रक्त न गोठण्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे आईकडून मुलाला येतो. त्या रब्बींना गुणसूत्र ठाऊक नव्हतं. पण दोष बहिणीबहिणींच्या मुलांत दिसतोय, हे त्यांनी नेमकं ओळखलं आणि बाळाच्या जिवासाठी धर्माचा नियम बाजूला ठेवला.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक रूढीत 'पूर्वजांचं विज्ञान' शोधायची घाई करू नये. रूढी टिकते ती बहुधा वेगळ्याच कारणाने. वैज्ञानिक दृष्टी पाहायची असेल, तर ती त्या चौथ्या बहिणीला दिलेल्या उत्तरात आहे : डोळ्यांसमोर जे घडतंय ते बघून नियम थांबवण्यात.