ड्रम कुणालाच का नको असतो? एका चुकलेल्या प्रश्नाची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात लातूरला एका मित्राच्या खोलीवर चार दिवस मुक्काम होता. शेजारच्या खोलीत नीटची तयारी करणारी तीन पोरं. दिवसभर क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज, आणि रात्री अकरानंतर लॅपटॉपवर 'क्लोन हिरो' नावाचा खेळ. गाणं सुरू झालं की पडद्यावरून रंगीत ठिपके खाली घसरत येतात, ठिपका रेषेवर आला की बरोबर त्याच क्षणी बटण दाबायचं. हा तालाचा खेळ. त्यात गिटार निवडता येते, तसा ड्रमही निवडता येतो. तिघंही आळीपाळीने गिटारच घ्यायचे. मी विचारलं, ड्रम का नाही? एक म्हणाला, "सर, ड्रम कुणीच घेत नाही. बोअर होतंय."

मी हलगी आणि संबळ या वाद्यांच्या सामाजिक इतिहासावर काम करतोय. त्यामुळे 'कुणीच घेत नाही' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. माझा स्वतःचा पहिला सिनॉप्सिस याच वाक्यावर उभा होता, आणि याच वाक्याने त्याची वाटही लावली. पेट पास होऊन आता विषय शोधताय ना? मग ही गोष्ट तुमच्या कामाची आहे.

आधी खेळाचंच बघू. 'बोअर होतंय' हे उत्तर आहे, कारण नाही. गिटारचा खेळ २००५ मध्ये 'गिटार हिरो'ने लोकप्रिय केला. हातात प्लास्टिकची गिटार, तिच्यावर पाच बटणं आणि एक पट्टी. ज्याने जन्मात गिटार हातात धरली नाही त्यालाही दहा मिनिटांत आपण स्टेजवर असल्यासारखं वाटतं, कारण यातली गिटार खोटी असते. २००७ मध्ये 'रॉक बँड' आला आणि त्याने ड्रमही दिला: चार पॅड, एक पायाचं पेडल, दोन काठ्या. आता गंमत अशी की यातला ड्रम फारसा खोटा नसतो. वरच्या पातळीला गेलात की दोन हात आणि एक पाय वेगवेगळ्या लयीत चालवावे लागतात, म्हणजे जवळजवळ खरंच वाजवावं लागतं. गिटारवाल्याला मिळणारी सूट ड्रमवाल्याला नाही. शिवाय सगळ्या वाद्यांचा तो पेटारा अमेरिकेत साधारण १७० डॉलरला होता, आणि पॅडवर काठ्या आपटल्या की खालच्या मजल्यावरचा माणूस वर येणार. आमच्या पोरांकडे तर पॅडही नव्हते, साधा कीबोर्ड होता. कीबोर्डवर गिटारची बटणं जमतात, ड्रम जमत नाही. साधन नाही म्हणून वाजवत नाहीत, आणि सांगतात मात्र बोअर होतं म्हणून.

इथपर्यंत आलं की आपल्याला वाटतं, झालं, उत्तर मिळालं: ड्रम अवघड, महाग आणि गोंगाटाचा, म्हणून माणसं कमी. पण एक उलटं उदाहरण टाकून बघा. जपानमध्ये २००१ साली नामको कंपनीने 'ताइको नो तात्सुजिन' काढला. त्यात गिटार नाहीच, फक्त एक मोठा ढोल. मध्यभागी मारलं की 'दोन', कडेवर मारलं की 'का'. एवढंच. आणि हा खेळ तिथल्या गेम सेंटरमध्ये आजही गर्दी खेचतो. म्हणजे दोष ढोलात नाही. दोष असलाच तर बाकीची मांडणी कशी आहे, त्यात आहे: शेजारी गिटार आहे का, वाजवणारा कुठे उभा आहे, लोक कुणाकडे बघतायत.

हाच डोळा घेऊन आता आपल्याकडे या.

माझ्या सिनॉप्सिसचं मूळ शीर्षक होतं, 'नांदेड व लातूर जिल्ह्यांतील हलगीवादन कलेचा ऱ्हास'. 'ऱ्हास' हा शब्द मला भारदस्त वाटला होता. प्रश्नावलीत चौथा प्रश्न होता: "आपण हलगी वाजवणे का सोडले?" खाली पर्याय दिले होते: उत्पन्न कमी, डीजेची स्पर्धा, नव्या पिढीत रस नाही, इतर. मुखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर सत्तरीच्या पुढचे एक आजोबा भेटले. त्यांना मी तो प्रश्न वाचून दाखवला. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सोडलं न्हाई बाबा. सुटलो."

माझ्या चार पर्यायांत ते उत्तर कुठेच बसत नव्हतं. 'इतर'मध्येसुद्धा नाही.

हलगी म्हणजे एका गोल कड्यावर एका बाजूने ताणलेलं कातडं. वाजवण्याआधी आरावर धरून तापवायची, मग ती बोलायला लागते. गावात दवंडी, वरात, जत्रा, मयत, कुस्तीचा फड, सगळीकडे ती लागायची. आणि ती वाजवणं हे प्रामुख्याने मांग आणि महार समाजांवर टाकलेलं गावकीचं काम होतं. 'टाकलेलं' हा शब्द मुद्दाम वापरतोय. बोलावणं आलं की जायचं, ताप असो की घरात सुतक असो. मोबदला म्हणजे सुगीला मिळणारं धान्य आणि वाढलेलं अन्न. वाजवणारा मिरवणुकीच्या सगळ्यात पुढे, पण देवळाच्या पायरीपाशी आला की बाहेर. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्याच्या नावातच ही सगळी व्यवस्था आहे. संशोधनाला बसण्याआधी ते वाचलं नसेल तर आधी वाचा, सैद्धांतिक चौकट नंतर.

मग वाजवणारे कमी का झाले? मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथे ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला अस्पृश्यांची परिषद भरली आणि बाबासाहेब आंबेडकर तिला आले. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं आणि खेड्यातली पोरं होस्टेलात राहून शिकू लागली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची धम्मदीक्षा झाली. त्यानंतर गावोगाव बौद्ध झालेल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं आणि गावकीचं वाजवणं नाकारायला सुरुवात केली. नाकारलं की बहिष्कार, विहीर बंद, मजुरी बंद. हे झेलून माणसांनी वाद्य खाली ठेवलं. त्याला मी 'कलेचा ऱ्हास' म्हणत होतो! समितीसमोर जाण्याच्या दोन दिवस आधी मी शीर्षक बदललं. बरं झालं, नाहीतर आजन्म लाज वाटली असती.

पण उलट टोकालाही जाऊ नका. 'वाद्य म्हणजे गुलामी' असं सरळ समीकरण मांडलं तर तेही पुराव्यावर टिकत नाही. तीच हलगी १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे जयंतीच्या मिरवणुकीत कडाडते, आणि वाजवणारी पोरं छाती काढून वाजवतात. कातडं तेच आहे, काठीही तीच. बोलावणं मात्र आता कुणा पाटलाचं नाही.

संबळाची गोष्ट थोडी वेगळी आहे. नांदेड जिल्ह्यातलं माहूर रेणुकेचं, इकडे तुळजापूर भवानीचं. गोंधळ्यांच्या दोन शाखाही यावरूनच: रेणुराई आणि कदमराई. गोंधळात नाईक आख्यान लावतो, संबळवाला त्याच्या बाजूला, सोबत तुणतुणं, झांज, पेटलेली दिवटी. परंपरा जुनी. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त आणि तेराव्या शतकात देवगिरीच्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'त 'गोंडली' नावाच्या नृत्याचा उल्लेख येतो, आणि गोंधळाचा संबंध अभ्यासक तिथपर्यंत नेतात. (कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. लातूरहून सकाळी निघालात तर दुपारपर्यंत परत. जाऊन या.) परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी हा गोंधळ देवघरातून मंचावर नेला. लोकांच्या लक्षात राहतात ते कथा सांगणारे नाईक. शेजारी उभं राहून त्यांना ताल देणाऱ्या संबळवाल्याचं नाव विचारा, दहातले नऊ जण गप्प बसतील.

आता हे सप्ताहाच्या फ्लेक्सशेजारी ठेवून बघा. अहमदपूर, कंधार, लोहा, कुठल्याही गावातला हरिनाम सप्ताहाचा फ्लेक्स घ्या. वर कीर्तनकारांचे फोटो, पण खाली 'मृदंगाचार्य' म्हणून पखवाजवाल्याचंही नाव असतं, कित्येकदा फोटोसकट. कीर्तनात तो महाराजांच्या शेजारी उभा. शिकायला जागा आहे: विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, आणि तिच्या वळणाने पुढे गावोगाव वारकरी शाळा निघाल्या. पखवाज काही सोपा नाही. डाव्या तोंडाला दर बैठकीआधी कणीक लावावी लागते, हात बसायला वर्षं जातात. तरीही बारा-तेरा वर्षांची पोरं रांगेत आहेत. आणि पुण्याची ढोल-ताशा पथकं? कमरेला जड ढोल बांधून इंजिनीअर मुली महिना-महिना सराव करतात, एक पैसा घेत नाहीत, वर फोटो टाकतात. त्यांना कुणी 'वाजंत्री' म्हणत नाही.

तेव्हा 'वाजवणारे कमी' असं दिसलं की मी आता तीन गोष्टी तपासतो. त्याचं नाव कुठे छापलं जातं का? शिकायची जागा त्याला जातीबाहेरही उघडी आहे का? आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: त्याला 'नाही' म्हणता येतं का? पखवाजवाल्याला येतं, पथकवाल्याला येतं. हलगीवाल्याला येत नव्हतं. म्हणून ज्या दिवशी 'नाही' म्हणणं शक्य झालं त्या दिवशी तो आधी 'नाही' म्हणाला. आपण मोजायला गेलो ते त्यानंतर.

मोजण्यावरून एक सावधगिरी. निजाम राज्याच्या जनगणनेत आणि १९२० साली आलेल्या सिराज-उल-हसन यांच्या जातीजमातींच्या ग्रंथात गोंधळी, मांग, महार हे सगळे भेटतील. पण तिथे गोंधळी मोजलेत, संबळ वाजवणारे नाही. जातीचा आकडा घेऊन त्याला वादकांचा आकडा समजलात तर सुरुवातीचा आकडा फुगतो, आणि मग आजचा आकडा पाहून 'ऱ्हास' आपोआप सिद्ध होतो. मी हे केलंय. सुंदर आलेख आला होता, खाली घसरत जाणारा. काढून टाकला.

लातूरच्या त्या खोलीत शेवटच्या रात्री पुन्हा बसलो होतो. तिघांतला एक जण गिटारचं गाणं संपवून टेबलावर दोन बोटांनी काहीतरी वाजवत होता, एकदम बांधीव, सम बरोबर पकडून. मी म्हटलं, "हे कुठं शिकलास?" तो थांबला. बाकीच्या दोघांकडे बघितलं, आणि म्हणाला, "कुठं नाही सर. असंच." दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर मला सोडायला तो एकटाच आला, आणि चहा पिताना त्याने आजोबांबद्दल सांगितलं. मी वही काढली नाही.