विज्ञानावर लिहून पोट भरतं का?

विज्ञानाची आवड आहे, लिहिताही बरं येतं, तर नोकरी न करता त्यावरच जगता येईल का, असा प्रश्न हल्ली बऱ्याच तरुणांना पडतो. प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रिचर्ड प्रॉक्टरने तो प्रत्यक्ष जगून पाहिला.

प्रॉक्टरचा जन्म १८३७ चा. केंब्रिजला गणित शिकलेला, घरचा बरा. त्यामुळे लेखन हा सुरुवातीला हौसेचा भाग. १८६५ साली शनी ग्रहावर त्याने स्वखर्चाने पुस्तक काढलं. जाणकारांनी वाखाणलं, पण ते खपलं नाही. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडची एक बँक बुडाली आणि तिचा मोठा भागधारक असलेला प्रॉक्टर कफल्लक झाला. घरात बायको-मुलं. आता हौसेलाच कामाला जुंपणं भाग होतं.

१८६८ साली त्याने दुर्बिणीतून आकाश कसं पाहावं यावर छोटं पुस्तक लिहिलं. मोबदला ठरला २५ पौंड. त्याच्या मात्र वीस आवृत्त्या निघाल्या! मला यात शिक्षकाने शिकण्यासारखं काही दिसतं. शनीच्या पुस्तकात लेखकाला काय ठाऊक आहे ते होतं. या पुस्तकात वाचकाने आज रात्री काय पाहावं ते होतं.

मग लेखांचा सपाटाच सुरू झाला. व्याख्यानांसाठी तो अमेरिकेत गेला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडलाही जाऊन आला. १८८१ मध्ये ‘नॉलेज’ नावाचं स्वतःचं साप्ताहिक काढलं. भाषा सोपी, पण वर्णन अचूक, हे त्याचं ब्रीद.

पगार नसण्याचा एक फायदा त्याने पुरेपूर घेतला. संशोधनाला सरकारी पैसा मिळावा म्हणून काही बडे शास्त्रज्ञ खटपट करत होते. प्रॉक्टरने त्याला उघड विरोध केला, १८७६ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं असं मला वाटत नाही. मोठ्या वेधशाळा लोकवर्गणीवर चालत नाहीत. पण कुणाची भीड न ठेवता तो बोलू शकला, ही गोष्ट लहान नाही.

किंमतही त्यानेच मोजली. पगार नाही म्हणजे रजा नाही, निवृत्ती नाही. लेखणी थांबली की चूल थांबली. ज्यात सगळी विद्या ओतायची होती तो खगोलशास्त्राचा मोठा ग्रंथ रोजच्या लिखाणातून सवड काढून लिहायचा. १८८८ साली न्यूयॉर्कमध्ये प्रॉक्टर वारला, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. ग्रंथ अर्धवटच राहिला. पुढे आर्थर रॅनयार्ड या खगोलप्रेमी मित्राने तो पुरा करून १८९२ मध्ये प्रसिद्ध केला.

तेव्हा पोट भरतं का, तर भरतं. मात्र रोजच्या लेखांतून मोठ्या कामासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. तो मागून मिळत नाही.