फिनिश आणि हंगेरियन भाषांचे नाते

फिनिश आणि हंगेरियन या उरालिक भाषाकुळातील भाषा आहेत. त्यांचे नाते दूरचे असून एकीच्या भाषकास दुसरी समजत नाही. फिनिशला एस्टोनियन जवळची आहे. हंगेरियनच्या निकटच्या खांती व मान्सी या भाषा मात्र पश्चिम सायबेरियात बोलल्या जातात.

नात्याचा पुरावा शब्दांच्या वरवरच्या साम्यात नसून ध्वनिबदलांच्या नियमिततेत आहे. शब्दारंभी पश्चस्वरापूर्वी फिनिश 'क'च्या जागी हंगेरियनमध्ये 'ह' येतो : काला–हॉल (मासा), कोल्मे–हारोम (तीन). अग्रस्वरापूर्वी 'क' टिकतो : कॅसि–केझ (हात).

१७६९ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी नॉर्वेतील वार्दो येथे गेलेले जेझुइट खगोलज्ञ यानोश शॉयनोविच यांनी फिनिशशी संबंधित सामी भाषेचा अभ्यास केला आणि ती व हंगेरियन एकच असल्याचे प्रतिपादन करणारा ग्रंथ १७७० मध्ये प्रसिद्ध केला. 'एकच' हा दावा अतिशयोक्त होता, पण दिशा योग्य होती. स्वतःस हूणांचे वंशज मानणाऱ्या हंगेरियन उमरावांना उत्तरेकडील मासेमारांशी जोडले जाणे अपमानास्पद वाटले; 'माशाचा वास येणारे नाते' अशी त्याची हेटाळणी झाली. वस्तुतः मासा हा शब्दच या नात्याचा एक ठळक पुरावा आहे. पुढे शामुएल द्यॉरमॉती यांनी १७९९ मधील ग्रंथात शब्दांपेक्षा व्याकरणाच्या तुलनेवर भर दिला.