रूट कॅनाल भरण्याच्या पद्धती : तौलनिक विचार

सुजलेली किंवा मेलेली दंतमज्जा काढल्यावर दाताच्या मुळात उरणारी पोकळ नलिका साफ करून कायमची बंद करणे, हा रूट कॅनाल उपचाराचा शेवटचा टप्पा. त्यासाठी मुख्यतः गटापर्चा वापरतात. मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणारा हा पदार्थ रासायनिक घडणीने रबराच्या जवळचा आहे. १८६७ साली अमेरिकेत बोमन यांनी तो प्रथम मूळनलिकेत भरला, असे मानले जाते. दवाखान्यात वापरतात त्या निमुळत्या काड्यांमध्ये, म्हणजे कोनमध्ये, मूळ गटापर्चा मात्र जेमतेम पाचवा हिस्सा असतो; बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड, आणि एक्स-रेवर दिसावा म्हणून धातूंचे क्षार. गटापर्चा दाताला चिकटत नाही, म्हणून सोबत फटी बुजवणारा लेप, म्हणजे सीलर, लागतो. पण जुने सीलर कालांतराने विरघळतात. त्यामुळे गटापर्चा जास्तीत जास्त आणि सीलर कमीत कमी, या कसोटीवर पद्धतींची तुलना होत आली. ही कसोटी अपुरी आहे. मुळाच्या टोकाशी झिजलेले हाड भरून आले का, हे पाहू लागले की पद्धतीपद्धतींमधला गाजलेला फरक बराच ओसरतो.

सर्वांत रुळलेली पद्धत थंड लॅटरल कंडेन्सेशनची. नलिकेच्या मापाचा मास्टर कोन सीलर लावून बसवतात; मागे ओढताना तो टोकाशी किंचित अडकला पाहिजे. मग त्याच्या कडेने स्प्रेडर हे निमुळते हत्यार मुळाच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत दाबतात, हलकेच फिरवत बाहेर काढतात आणि झालेल्या फटीत बारीक कोन सरकवतात. स्प्रेडर आत जाईनासा होईपर्यंत हे चालते. इथे लांबीवर ताबा राहतो, महागडे यंत्र लागत नाही. पण कोन एकजीव होत नाहीत आणि जोर जास्त झाला तर मूळ उभे चिरू शकते. हर्बर्ट शिल्डर यांनी १९६७ मध्ये याला पर्याय मांडला : गटापर्चा नलिकेतच तापवून मऊ करायचा आणि प्लगर या बोथट हत्याराने टोकाकडे दाबत न्यायचा. मुळातली नलिका किती फाटे फोडते, हे झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी साच्यांतून आधीच दाखवले होते. मऊ गटापर्चा त्या फाट्यांत शिरतो, म्हणून शिल्डर यांचे म्हणणे अनेकांना पटले. वितळलेला गटापर्चा पिचकारीने सोडणे किंवा काडीवर चढवून आत घालणे, या त्याच विचाराच्या पुढच्या वाटा.

काढलेल्या दातांत रंगद्रव्य झिरपवून केलेल्या चाचण्यांत कधी ही पद्धत सरस ठरली, कधी ती. २००७ मध्ये पेंग आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष रुग्णांवरील दहा अभ्यास एकत्र तपासले. उपचारानंतरचे दुखणे आणि दीर्घकालीन निकाल यांत थंड व गरम पद्धतींत म्हणावा असा फरक आढळला नाही. गरम पद्धतीत भरण मुळाबाहेर जाण्याचे प्रमाण तेवढे जास्त होते. ही बाब किरकोळ नाही. स्वीडनमधील श्योग्रेन यांच्या १९९० च्या अभ्यासात, मुळाशी आधीच आजार असलेल्या दातांपैकी भरण टोकाच्या दोन मिलिमीटरच्या आत थांबले तिथे ९४ टक्के बरे झाले, बाहेर गेले तिथे ७६, आणि फार अलीकडे राहिले तिथे ६८.

भरण्याच्या पद्धतीने फारसा फरक पडत नाही, यावर आक्षेप म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठातील इंगल यांचा जुना अभ्यास पुढे केला जातो : जवळपास ६० टक्के अपयशांचे कारण अपुरे भरण. पण एक्स-रेवर अपुरी दिसणारी नलिका बहुधा अपुरी साफ केलेलीही असते. जिथे कोन पोहोचला नाही तिथे नलिका खरवडणारी फाइल आणि जंतू मारणारे हायपोक्लोराइट तरी कुठून पोहोचणार? टोरांटोच्या अभ्यासमालेत शिल्डरपद्धतीचे निकाल उजवे दिसले, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मात्र तिथे रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती, आणि दोन गटांत नलिका घडवण्याची रीतही वेगळी होती. श्रेय एकट्या भरणाला देता येत नाही. मूळ शत्रू जंतूच, हे काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये जंतुमुक्त उंदरांवर दाखवले : मज्जा उघडी पडूनही ती मेली नाही.

मग भरायचेच कशाला? साबेती यांच्या २००६ च्या प्रयोगात कुत्र्यांच्या साफ केलेल्या नलिका भरलेल्या असोत वा रिकाम्या, मुळाशी जखम सारखीच भरून आली. परंतु तो काही महिन्यांचा हिशेब. माणसाच्या दाताला दशके काढायची असतात. फायली भिंतीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग न शिवताच राहतात, असे पीटर्स यांच्या २००१ च्या मोजणीत दिसले. तिथे उरलेले जंतू कोंडून ठेवणे आणि वरून येणारी लाळ अडवणे, ही भरणाची खरी कामे. दुसरे काम वरच्या फिलिंगवर किंवा कॅपवरही तितकेच अवलंबून असते. कॅप टाळली तर उत्तम भरणही वाया जाऊ शकते.

म्हणून पद्धत निवडावी ती नलिकेचा आकार पाहून. खालच्या दुसऱ्या दाढेतली इंग्रजी सी आकाराची नलिका किंवा आतून झिजून फुगलेली पोकळी गोल कोनने भरत नाही. तिथे गरम गटापर्चाच हवा. टोक उघडे असेल तर एमटीए या सिमेंटचा बूच बसवणे बरे. अलीकडच्या बायोसिरॅमिक सीलरांनी तर जुनी कसोटीच उलटवली आहे : ते ओलाव्यात घट्ट होतात आणि आकसत नाहीत, म्हणून एकच कोन आणि भरपूर सीलर चालतो. ही सोपी रीत झपाट्याने पसरत असली, तरी दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या तुलना अजून थोड्या आहेत, आणि पुन्हा उपचाराची वेळ आली तर तो कडक सीलर मुळाच्या टोकापर्यंत उकरून काढणे जिकिरीचे ठरते.