गवतासाठी

फराळाचे ताट समोर असताना रानातल्या झुडपाची कथा कोण ऐकणार? पण आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासात गवताच्या काडीलाही मान आहे. तेव्हा वाचकांनी थोडी सवड द्यावी.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला. वऱ्हाडात समुद्र कुठला? मग येथल्या लोकांनी जंगलाचा कायदा मोडायचे ठरवले. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी त्या जुलैत पुसदजवळच्या राखीव जंगलात विनापरवाना गवत कापले आणि तुरुंगवास पत्करला.

ज्या गवतासाठी एवढे घडले, त्याचा दुसराच एक वैरी रानात पाय रोवत होता. तो म्हणजे घाणेरी, कोणी हिला टणटणीही म्हणतात. हिचे माहेर अमेरिका. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात आणली. रंगीबेरंगी फुलांना साहेब भुलला. फळांना बुलबुल भुलले आणि त्यांनी बी रानोमाळ नेले. तिच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, सागाचे रोप वर येत नाही आणि पाला गुरांच्या पोटात गेला तर विष! १९४१ साली तिला खाणारा एक किडा ऑस्ट्रेलियाहून देहरादूनला आणला होता. पण तो सागाच्या फुलोऱ्यालाही तोंड लावतो असे दिसताच पैदास नष्ट करावी लागली. शेवटी कुदळच खरी.

तीन वर्षांपूर्वी वनखात्याची परवानगी काढून गावातली पंधरा-वीस माणसे आणि माझे विद्यार्थी आम्ही गावाशेजारच्या जंगलात शिरलो. पहिल्या वर्षी झुडपे वरवर छाटली; पावसाळ्यात ती दुप्पट फुटली. पोरे हिरमुसली. दुसऱ्या वर्षी शहाणपण आले. मातीखाली वीतभर खणून मूळ तोडायचे आणि झुडूप उलटे टाकायचे, म्हणजे मुळाला माती लागत नाही. तरीही जुने बी रुजतेच; ती रोपे दर पावसाळ्यात उपटावी लागतात.

एक म्हातारेबुवा बांधावर बसून पाहत. एकदा म्हणाले, “मास्तर, गवतापायी लोक जेलात गेले गा, अन् आता गवतच नाई रायलं!”

मी काय बोलणार? गप्प राहून कुदळ उचलली.

यंदा मोकळ्या झालेल्या त्या तुकड्यात पवन्या आणि मारवेल गुडघाभर वाढले आहे. तुकडा लहान, उरलेले रान मोठे. परवा बुवांनी स्वतः विळा मागितला. गायगोधनाच्या दिवशी त्यांच्या गायीपुढे त्यातलीच एक पेंढी पडणार आहे.