लोकांचा आनंद

२० जानेवारी हा ब्राझील देशातील रिओ द जानेरो या शहराच्या ग्रामदैवताचा दिवस. संत सेबॅस्टियन हा त्या नगरीचा पालक मानला जातो, आणि त्याच्या उत्सवानिमित्त त्या दिवशी सगळ्या शहराला सुटी असते. १९८३ साली नेमक्या याच दिवशी, पहाटे, तेथील एका रुग्णालयात ४९ वर्षांचा एक मनुष्य मरण पावला. दारूने त्याचे यकृत पार निकामी करून टाकले होते. अंगावरचे मांस सुजलेले, चेहरा ओळखू न येण्याइतका बदललेला, आणि गाठीला म्हणावी अशी पुंजी काही उरलेली नाही. अशी माणसे मोठ्या शहरात रोजच मरतात. पण दिवस वर येता येता ही वार्ता गल्लीबोळांतून पसरली, आणि उत्सवाचा दिवस बघता बघता सुतकाचा झाला.

मरण पावलेल्या त्या माणसाचे नाव मान्युएल फ्रान्सिस्को दोस सान्तोस. मात्र या नावाने त्याला कोणी ओळखत नसे. अवघ्या जगाला तो ठाऊक होता गारिंचा म्हणून. आणि त्याची माणसे त्याला लाडाने 'माने' म्हणत. त्याचा देह माराकाना या प्रचंड क्रीडांगणात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आला. बोटाफोगो क्लबच्या काळ्या-पांढऱ्या निशाणाखाली झाकलेल्या त्या शवपेटीपुढून हमाल गेले, मोलकरणी गेल्या, जुने खेळाडू गेले, आणि ज्यांनी त्याला कधी खेळताना पाहिलेही नव्हते अशी पोरेही गेली. दुसऱ्या दिवशी आगीच्या बंबावर ठेवून ती पेटी त्याच्या जन्मगावी नेली. १९५८ साली विश्वचषक जिंकून आलेल्या वीरांची मिरवणूक रिओच्या रस्त्यांतून अशाच बंबांवरून निघाली होती, आणि त्या वीरांत हाही होता. ज्यांना ती मिरवणूक आठवत होती, त्यांना हा बंब पाहून काय वाटले असेल! पन्नासाहून अधिक किलोमीटरच्या त्या वाटेवर दुतर्फा माणसे उभी होती. पुलांवरून, भिंतींवरून, मोटारींच्या टपांवरून हात हालत होते. तू जगलास याबद्दल तुझे आभार, अशा अर्थाचे शब्द कोणी भिंतीवर रंगवून ठेवले होते.

ऐन दिवाळीत ही अंत्ययात्रा आमच्यापुढे कशाला आणलीत, असे एखादा वाचक विचारील. त्याचे उत्तर असे, की या माणसाला त्याच्या देशबांधवांनी जी पदवी दिली होती ती होती 'लोकांचा आनंद'. १९६३ साली त्याच्यावर एक चित्रपट निघाला, त्याचे नावही हेच. आणि त्याच्या थडग्यावरही हेच शब्द कोरले गेले. ज्याने आपल्याला आनंद दिला त्याचे देणे कसे फेडायचे, हा प्रश्न सणाच्या दिवशी विचारण्याजोगा नाही असे थोडेच आहे?

गारिंचाचा जन्म ऑक्टोबर १९३३ मधला. डोंगराच्या पायथ्याशी वसलेले पाउ ग्रांदे हे त्याचे गाव म्हणजे एका कापडगिरणीभोवती उभी राहिलेली वस्ती. घरे गिरणीची, रस्ते गिरणीचे, फुटबॉलचे मैदानही गिरणीचेच. पोरगा चणीने लहानखुरा, म्हणून बहिणीने त्याला 'गारिंचा' म्हणायला सुरुवात केली. गारिंचा हा त्या मुलखातला चिमणीएवढा, तपकिरी रंगाचा एक रानपक्षी. पोराचे पाय फेंगडे होते. फेंगडे म्हणजे तरी कसे, एक आत वळलेला तर दुसरा बाहेर, आणि डावा पाय उजव्यापेक्षा सुमारे ६ सेंटिमीटरने आखूड. असा मुलगा पुढे-मागे धड चालेल की नाही, याचीच काळजी एखाद्या आईबापाने केली असती. चौदाव्या वर्षी तो गिरणीत लागला. कामात त्याचे लक्ष कधीच नसे. कापसाच्या गाठींआड तो झोपा काढी. तरी नोकरी टिकली, ती गिरणीच्या संघात त्याच्यासारखा दुसरा कोणी नव्हता म्हणून, असे सांगतात.

१९५३ साली कोणीतरी त्याला रिओला, बोटाफोगो क्लबात चाचणीसाठी नेले. त्याच्यासमोर बॅक म्हणून उभा होता निल्तोन सान्तोस, देशातला नामांकित खेळाडू. या खेडवळ पोराने त्याच्या दोन पायांमधून चेंडू काढून नेला, आणि खेळ संपल्यावर निल्तोनने क्लबाच्या मंडळींना सांगितले, की याला आजच्या आज घ्या. उद्या हा दुसऱ्या संघात गेला तर माझी झोप उडेल. कथेत थोडे मीठमसाला पडलेले असेल, पण त्या दोघांचे मैत्र पुढे जन्मभर टिकले हे खरे. तेव्हापासून १९६५ पर्यंत गारिंचा बोटाफोगोकडून सुमारे ६०० सामने खेळला.

तो राईट-आउट खेळे. त्याचा डाव एकच होता, आणि गंमत अशी की तो सगळ्यांना पाठ होता. चेंडू पायाशी घेऊन तो बॅकपुढे थबके. अंग डावीकडे झुकवून हूल देई, आणि बाण सुटावा तसा उजवीकडून निघून जाई. आज उजवीकडूनच जाणार हे बॅकला ठाऊक, पंचांना ठाऊक, प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी तो उजवीकडूनच जाई आणि बॅक जमिनीवर बसलेला असे. कधी तर तो चेंडू जागच्या जागी सोडून नुसतीच धाव घेई. बॅक त्याच्यामागे चार पावले पळे, आणि चेंडू मात्र मागे एकटाच पडलेला! मग साऱ्या मैदानात हास्याचा कल्लोळ उठे. आपल्यासमोरच्या प्रत्येक बॅकला तो 'जोआव' या एकाच नावाने ओळखतो, अशी आख्यायिका वृत्तपत्रांनी रूढ केली. १९५८ साली मेक्सिकोत अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेट संघाशी बोटाफोगोचा सामना होता. प्रत्येक हुलकावणीला तिथल्या लोकांनी बैलझुंजीत घालतात तसा 'ओले'चा घोष केला, आणि फुटबॉलच्या मैदानात हा घोष तेव्हापासून सुरू झाला, असे जुने लोक सांगतात.

त्याच वर्षी स्वीडनमध्ये विश्वचषकाची स्पर्धा झाली. संघाबरोबर गेलेल्या मानसशास्त्रज्ञाने परीक्षा घेऊन गारिंचा मोठ्या सामन्यांच्या जबाबदारीला पेलणार नाही, असा अभिप्राय दिला होता. पहिले दोन सामने तो बाहेरच बसला. १५ जून रोजी रशियनांविरुद्ध त्याला आणि १७ वर्षांच्या पेलेला एकदमच मैदानात उतरवले, आणि खेळ सुरू होऊन मिनिट होते न होते तोच त्याचा फटका गोलच्या खांबावर आदळला. अंतिम सामन्यात ब्राझीलने स्वीडनला ५-२ असे हरवले. त्यातले पहिले दोन गोल गारिंचाने उजव्या बगलेतून दिलेल्या चेंडूंवर झालेले आहेत. पेले आणि गारिंचा हे दोघे जेव्हा जेव्हा एकत्र खेळले, तेव्हा ब्राझील एकदाही हरला नाही.

१९६२ साली चिलीत दुसऱ्याच सामन्यात पेले जायबंदी झाला. मग संघाचा भार या फेंगड्या पायांवर आला. इंग्लंडविरुद्ध त्याने दोन गोल केले, उपान्त्य सामन्यात खुद्द चिलीविरुद्ध दोन केले, आणि अंतिम सामना अंगात ताप असताना खेळला. चषक पुन्हा ब्राझीलला मिळाला. इंग्लंडच्या सामन्यात एक भटका कुत्रा मैदानात घुसला होता. गारिंचा त्याला धरायला गेला, तर कुत्र्याने त्यालाच हुलकावणी दिली! शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जने रांगत जाऊन त्याला पकडले. त्या स्पर्धेत गारिंचाला सपशेल चकवणारा हा एकच खेळाडू, असे लोक हसत हसत सांगत.

पेलेला लोकांनी राजा म्हटले. पेले मरण पावला २०२२ च्या डिसेंबरात, तेव्हाही सान्तोस शहरात माणसांचा पूर लोटला. पण राजापुढे माणूस मान लववतो. गारिंचाच्या गळ्यात तो हात टाकी. पेलेमध्ये लोकांना दिसे आपण काय होऊ शकतो ते, आणि गारिंचामध्ये दिसे आपण आहोत ते: गिरणीत वाढलेला, कागदावर काय लिहिले आहे ते न बघता सही करणारा, मित्रांसह उसाची दारू पिणारा, जिंकल्यावर पुन्हा आपल्या गावच्या मैदानात अनवाणी खेळायला जाणारा.

इथून पुढची कथा मात्र हसण्यासारखी नाही. कोऱ्या करारावर तो सही करून देई, आणि रक्कम क्लब भरी. परदेश दौऱ्यांत तो मैदानात उतरला नाही तर क्लबचा मोबदला कमी होई. म्हणून दुखऱ्या गुडघ्यांत सुया टोचून त्याला खेळवीत. १९६४ साली गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पण पूर्वीचा गारिंचा परतला नाही. १९६६ साली विश्वचषकात लिव्हरपूल येथे हंगेरीने ब्राझीलला ३-१ असे हरवले. ब्राझीलकडून तो हरलेला हा एकमेव सामना, आणि तोच शेवटचा.

सगळा दोष इतरांच्या पदरात घालणे हेही सत्याला सोडून होईल. आठ मुली आणि पत्नी यांना मागे टाकून तो प्रसिद्ध गायिका एल्झा सोआरेस हिच्याबरोबर राहू लागला. लोक खवळले, आणि खवळले ते तिच्यावर. घरावर दगड आले. १९६९ साली तो चालवीत असलेल्या मोटारीला अपघात होऊन एल्झाची आई दगावली. दारू वाढत गेली. दारूच्या भरात त्याने एल्झावर हातही टाकला, आणि १९७७ साली ती त्याच्यापासून दूर झाली.

लोकांनी त्याच्यासाठी काहीच केले नाही, असेही नाही. १९ डिसेंबर १९७३ रोजी माराकानात त्याच्या निरोपाचा सामना झाला, तेव्हा सव्वा लाखाहून अधिक प्रेक्षक आले होते. पूर्वार्धातच खेळ सोडून, मैदानाला फेरी मारून तो बाहेर पडला. सामन्याचे पैसे मिळाले, आणि गेलेही. १९८० च्या कार्निव्हलात मांगेरा या नामांकित मंडळाने त्याला आपल्या चित्ररथावर बसवले. गर्दी त्याच्या नावाने गर्जत होती, आणि तो खांदे पाडून, शून्य नजरेने बसून होता. लोक हसले नाहीत त्या दिवशी. पुष्कळांनी मान फिरवली. त्यानंतर तीन वर्षांनी तो बंब निघाला.

आपल्याकडे म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. मेल्यावर ज्याच्या त्याच्या गुणांचे पोवाडे गातात, अशा ढोंगावर ती आहे. रिओच्या त्या गर्दीला ही म्हण लावावीशी वाटते, पण लागत नाही. कारण ही म्हैस जिवंतपणी खरोखरच मणभर दूध देत होती, आणि ते प्यालेली माणसेच रस्त्यावर उभी होती. आठवड्याचे सहा दिवस राबून सातव्या दिवशी ज्यांनी पोट धरधरून हसून घेतले, त्यांचे अश्रू खोटे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? मात्र एक गोष्ट खरी. प्रेम आणि काळजी या दोन वस्तू एक नव्हेत. प्रेम गर्दीला करता येते. काळजी करायला एकेकटे माणूस लागते, आणि ते रोज लागते. त्या लाखांना त्याने काय दिले हे नेमके माहीत होते. त्याला काय हवे आहे हे विचारणे मात्र ज्याने त्याने दुसऱ्यावर सोपवले.

त्याच्या गावाजवळच्या राइझ दा सेरा येथील दफनभूमीत त्याला पुरले. पुढे २०१७ साली वृत्तपत्रांत बातमी आली, की त्याच्या अस्थी नेमक्या कोठे आहेत हे सांगता येईल असा कागदच तिथे सापडत नाही. राजधानीतल्या भव्य क्रीडांगणाला त्याचे नाव आहे, आणि अस्थींना जागा नाही! हीही एक हुलकावणीच, असे कोणी थट्टेने म्हणेल. पण ही थट्टा करवत नाही.

एल्झा सोआरेस त्याच्यानंतर पुष्कळ वर्षे जगली, गात राहिली, आणि वार्धक्यात जगभर गाजली. ती वारली २० जानेवारी २०२२ रोजी. दिवस तोच, संत सेबॅस्टियनचा, बरोबर ३९ वर्षांनी. ज्या रिओने एकेकाळी तिच्या घरावर दगड फेकले, तिथेच लोक तिच्या अंत्यदर्शनाला आले. हे शहर चुकते, आणि उशिरा का होईना रडायला येते. आणि अजूनही तिथल्या एखाद्या वाळूच्या मैदानात एखादे पोर डावीकडे झुकून उजवीकडून निसटते, तेव्हा कडेला बसलेला एखादा म्हातारा त्या पोराला स्वतःचे नसलेले नाव घेऊन हाक मारतो: "माने!"