टंकलेखन ते संगणक : प्रमाणपत्र मोठे की पदवी?

मालेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर उभे राहते. हा धागा त्या मालेगावाचा नाही. हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, ‘मालेगाव जहांगीर’. बारावीचा निकाल लागला की येथील अनेक घरांत एक वाद सुरू होतो. आयटीत जायचे तर चार वर्षांची पदवी घ्यावी, की काही महिन्यांचे प्रमाणपत्र घेऊन लवकर कमावते व्हावे? वाद आजचा वाटतो, पण त्याची सुरुवात संगणकाच्याही आधीची आहे.

आपल्या आधीच्या पिढीला विचारा. तालुक्याच्या गावी संगणक येण्यापूर्वी टंकलेखनाचे वर्ग होते. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले, आणि पुढील काही दशके त्या यंत्राची खटखट हाच नोकरीच्या दारावरचा ठोका होता. ‘गव्हर्नमेंट कमर्शियल सर्टिफिकेट’ या भारदस्त नावाची शासकीय परीक्षा असे. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट ही अट आजही लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत जशीच्या तशी दिसते.

हे छोटेसे प्रमाणपत्र इतके चालले कशामुळे? त्यात शिकवले जाणारे कौशल्य अवघड होते म्हणून नव्हे. परीक्षा घेणारे शासन होते आणि नोकरी देणारेही बहुधा शासनच. परीक्षक आणि मालक एकच असला की कागदाच्या किमतीबद्दल शंका उरत नाही. पुढचा सारा धागा या एका वाक्याभोवती फिरणार आहे.

थोडे स्थानिक वळण घेऊ. इंग्रजी अमदानीत वाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अकोल्यात विलीन झाला आणि तब्बल ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, पुन्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवे जिल्हाधिकारी कार्यालय, नवी जिल्हा परिषद, नवी टेबले. मोठा कारखाना नसलेल्या भागात अशा टेबलांचे आकर्षण किती असते, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, २००१ मध्ये, राज्याच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. शासकीय सेवेसाठी संगणक अर्हतेची अट आली आणि त्या अटीत एमएस-सीआयटीचे नाव आले. जुनाच साचा, नवे यंत्र. आजवर एक कोटीहून अधिक जणांनी हा अभ्यासक्रम केल्याचे महामंडळ सांगते. महाराष्ट्रातील संगणक साक्षरतेचा इतिहास लिहायचा झाला तर पहिले प्रकरण याच अभ्यासक्रमाचे असेल.

पण शब्द नीट पाहा : साक्षरता. बाराखडी शिकलेला माणूस साक्षर असतो, म्हणून तो लेखक होत नाही. एमएस-सीआयटी संगणक वापरायला शिकवते. संगणकासाठी आज्ञावली लिहिणे हा वेगळा व्यवसाय. ‘मुलाने कॉम्प्युटर केला’ या आपल्याकडच्या लाडक्या वाक्यात ही दोन्ही कामे एक होऊन जातात. माझ्या मते अनेक घरांची फसगत येथेच झाली. दोष अभ्यासक्रमाचा नव्हता, त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेचा होता.

आता पदवीकडे. १९८३ पूर्वी महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या जागा मोजक्या होत्या. ऐपत असलेली मुले देणगी भरून कर्नाटकात जात. त्या वर्षी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी शेगावात संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, आणि त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठही स्थापन झाले. मालेगावच्या मुलाला अभियंता होण्यासाठी नागपूर-पुणे गाठण्याची सक्ती उरली नाही. या निर्णयाने शिक्षणाचे बाजारीकरण केले ही टीका खरी आहे. शेजारच्या जिल्ह्यात पदवी आली हेही तितकेच खरे.

देशपातळीवर याच सुमारास प्रा. व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मनुष्यबळाची टंचाई ओळखून एमसीए या नव्या पदवीची शिफारस केली. १९८१ मध्ये एनआयआयटी आणि १९८६ मध्ये ॲप्टेक या खासगी संस्था आल्या. म्हणजे पदवी आणि प्रमाणपत्र यांची स्पर्धा जवळजवळ एकाच दिवशी सुरू झाली.

मग बड्या आयटी कंपन्यांनी पदवीचाच आग्रह का धरला? गुणवत्ता हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे वॉशिंग्टनमध्ये सापडते. अमेरिकेच्या १९९० च्या स्थलांतर कायद्याने एच-१बी व्हिसाची आजची चौकट ठरवली. त्यात संबंधित विषयातील पदवी किंवा तिची समकक्षता ही अट आहे. तेथील पदवी चार वर्षांची, आपली बीएस्सी तीन वर्षांची. कमी पडणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षामागे तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरण्याची तरतूद आहे, पण परदेशी ग्राहकासाठी माणसे पाठवणाऱ्या कंपनीला इतका हिशेब कशाला हवा? बीईची चार वर्षे किंवा बीएस्सी अधिक एमसीए हे सोपे. वाशीमच्या विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम निवडावा, याचा काही भाग परक्या देशाच्या कायद्याने असा ठरवला.

या दोन वाटांच्या मध्ये एक तिसरी वाट होती. तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. १९९० मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने डोएक योजना आणली. ओ, ए, बी, सी असे चार स्तर. ओ म्हणजे पायाभूत, बी म्हणजे एमसीएच्या तोडीचा, सी म्हणजे एमटेकच्या. महाविद्यालयात न जाता एकेक पायरी चढता यावी अशी ही शिडी होती. २०११ मध्ये संस्थेचे नाव ‘नायलिट’ झाले. गंमत अशी की आपल्या शासकीय जाहिरातींत संगणक अर्हता म्हणून एमएस-सीआयटीच्या शेजारी हे सगळे स्तर छापलेले असतात. उमेदवार ती ओळ वर्षानुवर्षे वाचतो आणि पुढे सरकतो.

खासगी प्रमाणपत्रांचा इतिहास आणखी वेगळा. सिस्कोने १९९३ मध्ये सीसीआयई ही परीक्षा सुरू केली. येथे परीक्षक स्वतः यंत्र बनवणारी कंपनी. त्यामुळे ते यंत्र जिथे वापरात, तिथे कागदाला मान. मात्र अशा अनेक प्रमाणपत्रांना मुदत असते. सीसीएनए तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावे लागते. पदवीला असा शेवटचा दिनांक नसतो, मग तीत शिकलेले कितीही जुने होवो.

अलीकडची नोंद. विप्रोने १९९५ मध्येच बिट्स पिलानीच्या साहाय्याने विज्ञान पदवीधरांना नोकरी करता करता पुढची पदवी देणारा उपक्रम सुरू केला होता. २०१७ पासून एचसीएलचा ‘टेकबी’ थेट बारावीनंतर प्रशिक्षण आणि काम देतो, पदवी सोबत चालू राहते. दुसरीकडे २०२४ पासून महाराष्ट्रात बीसीएचा प्रवेशही सीईटीतून होऊ लागला आहे. ‘बीई नाही तर बीसीए’ म्हणणाऱ्यांनी ही तारीख वहीत लिहून ठेवावी.

मालेगावात कुणी मला आता हा प्रश्न विचारला, तर मी उलट दोनच गोष्टी विचारतो. या कागदाची परीक्षा कोण घेतो? आणि तो पाहून नोकरी कोण देतो? शासकीय टेबल हवे असेल तर एमएस-सीआयटी आणि टंकलेखन अजूनही पुरेसे कामाचे. परदेशी ग्राहकाचे काम करणारी कंपनी हवी असेल तर पदवी टाळू नये. चार वर्षांचा खर्च घराला झेपत नसेल, तर आधी नोकरी आणि सोबत पदवी ही वाट कमीपणाची नाही.

घरात आईवडिलांचे जुने टंकलेखन प्रमाणपत्र असेल तर त्यावरचे वर्ष, भाषा आणि शब्दगती खाली लिहा. नाव झाकून फोटो टाकलात तर उत्तम. वऱ्हाडातील तालुकानिहाय यादी करायची आहे.